धाकट्या त्रिग्लाववरचा समारंभ

"त्रिग्लाव? ते तर आपलं परसदार!" असं म्हणून बोगोमिर गुत्त्यातल्या शेगडीजवळच्या खुर्चीत ऐसपैस रेलायचा. त्रिग्लाव म्हणजे देशातलं सगळ्यात उंच शिखर, आमच्या बोहीनच्या खोऱ्यात जो ते चढला नाही, त्याला कोणी स्लोव्हेनियन समजत नाही. बोगोमिर तर म्हणे नऊ वेळा चढला होता! त्या नऊ वेळांवरच त्याला गिर्यारोहण मंडळाचं अध्यक्षपद मिळालं होतं आणि अध्यक्षपदावर ती खुर्ची.

खरं म्हणजे बोगोमिर एकदाही चढला नव्हता. नकाशा मात्र त्याने असा घोकला होता की कुठली वाट कुठल्या सरायीवरून जाते, पोलादी दोर कुठे लागतात, पिवळी रानखसखस कुठे फुलते, हे तो डोळे मिटून सांगे. डोळे मिटूनच सांगावं लागे, कारण उघड्या डोळ्यांनी काही पाहिलेलंच नव्हतं.

बरं, गप्प बसावं ना! पण लेकीचं लग्न झालं आणि जावई मिळाला टिलेन, पार मुरा नदीकाठचा. तिकडचा मुलूख ताटासारखा सपाट. पहिल्यांदा शिखर गाठणाऱ्याला तिथेच ओणवं करून दोराचे तीन फटके देतात, मग तो आपल्यातला होतो, अशी आमची रीत. प्लमच्या दारूचा तिसरा पेला पोटात गेला आणि बोगोमिरने भर गुत्त्यात जाहीर केलं की जावयाला फटके आपणच देणार. मंडळाची माणसं म्हणाली, मग आम्हीही येतो. झालं! बायको झोफ्काही यायला निघाली. बोगोमिरने मनाशी हिशेब केला की एकदा वर पोचलो की नऊ वेळांचं खोटं धकून जाईल, डोंगर काही साक्ष द्यायला येत नाही.

आपलं नवखेपण मंडळाला दिसू नये म्हणून रात्रीच्या मुक्कामाच्या प्लानिका सरायीतून तो पहाटेच जावयाला घेऊन पुढे सटकला. वाटेत पिवळ्या चोचीच्या डोंगरकावळ्याने त्याच्या हातातला पाव पळवला. "ओळखतो मला," बोगोमिर म्हणाला. पुढे कड्यावर लोखंडी खुंट्या आल्या. प्रत्येक खुंटीला तो माहेरी आलेल्या लेकीसारखा मिठी मारी आणि तिची माहिती सांगे. माहिती संपली तरी मिठी सुटत नसे. टिलेन बिचारा आदराने ऐकत होता.

तेवढ्यात धुकं आलं. चढ संपला, पुढे वाट खाली उतरू लागली आणि बोगोमिरचा जीव भांड्यात पडला. शिखर!

"बाबा, वरचा तो पत्र्याचा मनोरा कुठे आहे?" टिलेनने विचारलं. तो मनोरा आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतो.

"रंगवायला खाली नेलाय. हेलिकॉप्टरने."

"आणि लोक?"

"सगळ्यांना झेपतं होय! चला जावईबापू, वाका."

बोगोमिरने मातृभूमीवर छोटंसं भाषण ठोकलं आणि तीन सणसणीत फटके ओढले. तिसऱ्याच्या वेळी झोफ्का आणि मंडळ धापा टाकत पोचलं. सगळे बघतच राहिले. कोणी काही बोलायच्या आत धुकं सरलं. समोर, धारेच्या पलीकडे, चांगलं उंचावर खरं शिखर होतं, त्यावर माणसांची जत्रा होती आणि मधोमध मनोरा उन्हात चकाकत होता. अध्यक्षमहाराज धाकट्या त्रिग्लाववर, वाटेतल्या अलीकडच्या बुटक्या सुळक्यावर, उभे होते! नवखासुद्धा जिथे थांबत नाही तिथे यांनी समारंभ उरकला होता.

"बाबा," टिलेन शांतपणे म्हणाला, "मनोरा रंगवून झाला वाटतं."

बोगोमिरला वाटलं, कावळ्याने पावाऐवजी आपल्यालाच उचलून न्यायला हवं होतं.

"चला, अजून चढायचंय," झोफ्का म्हणाली आणि धारेवरून तरातरा पुढे निघाली. स्वतःच्या लग्नाआधी ती शिखरावर तीनदा येऊन गेली होती. इतक्या वर्षांत तिला कोणी विचारलं नव्हतं आणि नवऱ्याच्या बडबडीत तिला सांगायला फट मिळाली नव्हती.

मनोऱ्यापाशी तिने नवऱ्याच्या हातातून दोर काढून घेतला. एरवी ती त्याला अहो-जाहो करते.

"वाक, बोगोमिर."

तो वाकला. करतो काय!

"आई, माझे तीन खाली खाऊन झालेत," टिलेन म्हणाला, "माझ्या वाटणीचे वरचे तीनही बाबांनाच द्या."

मंडळाने हा ठराव तिथल्या तिथे एकमताने मंजूर केला. आजवर त्यांचं कशावर एकमत झाल्याचं कोणाला आठवत नाही. झोफ्का रोज कणीक तिंबणारी बाई, आणि मनात कितीतरी वर्षं साठलेली. सहा फटके तिने सावकाश, नीट नेम धरून दिले.

अध्यक्षपद काढून घ्यावं असं कोणी सुचवलंसुद्धा नाही. उलट त्या शुक्रवारी गुत्त्यात शेगडीजवळची खुर्ची झाडूनपुसून ठेवली होती. "बसा की अध्यक्ष, आता तर हक्काची आहे," जो तो येता-जाता आग्रह करत होता.

बोगोमिर रात्रभर उभाच होता.