पांजरपोळातली शिस्त

कल्याणच्या पांजरपोळाचे कारभारी त्र्यंबकराव चार इयत्ता इंग्रजी शिकले होते. पण कुत्र्यांना गप्प कसे बसवावे, हे काही त्या चार इयत्तांत नव्हते.

सरकारी हुकुमाने मारली जाऊ नयेत म्हणून धार्मिक लोक भटकी कुत्री इथे आणून सोडत. त्यांच्या भाकऱ्या शेटजींच्या घरून येत, त्याही शेटजींची पूजा आटोपल्यावर. पूजा कधी लवकर आटपे, कधी लांबे. कोंडलेली कुत्री वाट पाहून पाहून जीव खाऊन भुंकत. आळीने तक्रार केली तेव्हा शेटजींनी बजावले, एकादशीला मी येतो, तोवर हा गोंगाट थांबला नाही तर नोकरी सोडा आणि मागच्या दोन खोल्याही. त्या खोल्यांत त्यांच्या बायकोने, मंदाकिनीने, नुकताच संसार मांडला होता.

आधी त्र्यंबकराव कुत्र्यांवर ओरडले. आपल्यात आणखी एक आला असे वाटून कुत्र्यांनी त्यांना दुप्पट जोराने साथ दिली. मग त्यांनी शक्कल लढवली. जो भुंकेल त्याच्यापुढे शिळ्या भाकरीचा तुकडा टाकायचा. तुकडा पडला की तोंड बंद. त्र्यंबकराव स्वतःवर बेहद्द खूश झाले. पण आठवडा उलटायच्या आत त्यांची नुसती सावली दिसली तरी अख्खे पांजरपोळ भुंकू लागले. जन्मात कधी तोंड न उघडलेला लंगडा काळ्यासुद्धा.

त्या दिवशी ते घरी आले ते रोजच्यासारखे दारातूनच गरजत, "पान वाढलं का नाही अजून?"

एरवी मंदाकिनीची धांदल उडायची. आज ती चुलीपुढून हललीच नाही.

"वाढते, पण तुम्ही गप्प बसल्यावर," ती म्हणाली. "ओरडलात की वाढायचं, ही सवय मीच लावली तुम्हाला. तुम्ही त्या कुत्र्यांना लावलीत तशी."

त्र्यंबकरावांना आधी राग आला, मग भूक आठवली आणि मग अक्कल आली. ते मुकाट्याने पाटावर बसले. पान लगेच आले.

दुसऱ्या सकाळपासून त्यांनी कुत्र्यांना आवारात मनसोक्त हुंदडू दिले. मग भुंकेल त्याच्याकडे पाठ आणि गप्प बसेल त्याला तुकडा. सुरुवातीला आळीने त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण एकेक कुत्रे निवळत गेले.

एकादशीला शेटजी उशिराच आले. भाकऱ्यांची टोपली समोर, आणि कुत्री बसून टकामका बघताहेत. शेटजी फिरून फिरून बघत राहिले आणि उपासाच्या त्र्यंबकरावांच्या पोटात कावळे ओरडू लागले. अखेर दोघे ओटीवर फराळाला बसले. भगर काही येईना.

"अगं, किती वेळ? मेलो की भुकेनं!" त्र्यंबकरावांच्या तोंडून गेलेच.

आतली भांडी वाजायची थांबली. आवारातून काळ्याने मान वळवून पाहिले. त्र्यंबकरावांनी जीभ चावली आणि हात मांडीवर ठेवून गप्प बसले. थोड्याच वेळात ताटे आली.

"खोल्या राहू द्या तुमच्याकडे," शेटजी प्रसन्न होऊन म्हणाले. "पण कारभारी, एवढ्या जनावरांना हे शिकवलंत कसं?"

दाराआड बांगड्या किणकिणल्या.

"आधी एकावर करून पाहिलं, शेटजी."

"कोणता तो? दाखवा तरी."

"घरचाच आहे," त्र्यंबकराव म्हणाले, आणि त्यांनी भगरीवर दही ओतून घेतले.