कोऱ्या पाठीचे बगळे

आमच्या शेजारच्या फ्लोरामावशी आवासकर वर्षभर कुजबुजत बोलतात. सगळं आयुष्य कौन्सिलच्या लायब्ररीत गेलं, त्याचा हा परिणाम. “तुझी कचऱ्याची बिन माझ्या दारात आलीय” एवढंच सांगायचं असलं तरी इतक्या हळू सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, गल्लीत कुणाचं तरी काहीतरी भयंकर उघडकीला आलंय. पण ऑगस्ट संपत आला की याच मावशी माकडटोपी घालून आइस हॉकीला जातात आणि पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत ओरडतात. तेही अस्सल मुंबईच्या मराठीत.

“ए लंबू! झोपलास काय? चकती तिकडं गेली!”

लंबू कॅनडाचा असतो. त्याला काही कळत नाही. आजूबाजूच्या इंग्लिश प्रेक्षकांनाही कळत नाही; पण लंडनजवळच्या वॉटफर्डच्या पलीकडच्या आमच्या गावात माणसं सभ्य आहेत. म्हातारी बाई आपल्या टीमला उत्तेजन देतेय अशी समजूत करून घेऊन ती मान डोलावतात. प्रत्यक्षात मावशी त्या वेळी त्यांच्याच कॅप्टनला “तुझ्यापेक्षा आमचा गॅसवाला बरा धावायचा” असं म्हणत असतात.

टीमचं नाव हेरन्स. म्हणजे बगळे. मावशी ‘आपले बगळे’ म्हणतात.

मी या गल्लीत राहायला आलो तेव्हा सामान आत यायच्या आधी मावशी आत आल्या. मी पुण्याचा, हे त्यांना कुठून कळलं होतं देव जाणे. माझी चौकशी वगैरे काही नाही. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि कुजबुजल्या, “ती निळी गाडी तुझीच ना? रविवारी मोकळा आहेस?”

तेव्हापासून मी मावशींचा ड्रायव्हर. नोकरी कौन्सिलच्या पार्किंग विभागात असल्यामुळे रिंकबाहेर गाडी नियमात लावण्याची जबाबदारी माझ्यावर सोपवताना त्यांना विशेष समाधान वाटतं. सामने बहुधा शनिवार-रविवारी असतात, पण मावशी बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू. शनिवारी शब्बाथ, त्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस. त्यामुळे शनिवारचा सामना त्यांच्या लेखी होतच नाही. बगळ्यांनी शनिवारी दहा गोल खाल्ले तरी रविवारी मावशी ताज्या आणि आशावादी.

आता खरी गंमत पुढेच आहे. लीग सुरू झाली की मावशी जायच्या बंद होतात.

त्यांना रस फक्त लीगच्या आधीच्या, सरावाच्या सामन्यांत. या सामन्यांना पॉइंट नसतात. कोण जिंकलं, कोण हरलं, सोमवारी कुणाच्या लक्षातही राहत नाही. कोच मंडळी नवीन माणसं आजमावून बघतात. रिंक निम्मं रिकामं असतं. आणि मावशी म्हणतात, “हेच खरे सामने. हे मोजायचे नसतात ना, म्हणून.” मी एकदा विचारलं, “मावशी, लीगला पण चला की. चुरस असते, गर्दी असते.” त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी त्या कधीकाळी पुस्तकाचं पान दुमडणाऱ्यांकडे पाहत असतील. “गर्दी आहे ना तिथं? मग माझं काय काम?”

मला सुरुवातीला हा निव्वळ विक्षिप्तपणा वाटे. मग मलाही त्या संध्याकाळींची सवय लागली. बाहेर उन्हाळ्याचा शेवटचा ऊबदार उजेड पडलेला असतो, माणसं हाफ पँटीत आइस्क्रीम खात फिरत असतात. आपण एक जड दार ढकलतो आणि एकदम जानेवारीत जातो. मावशींचा चष्मा धुक्यानं भरतो. त्या तो पुसत नाहीत. तशाच, मला धरून, अंदाजानं पायऱ्या चढतात आणि म्हणतात, “थांब जरा. हळूहळू दिसू दे.” मग आधी पांढरं पांढरं काहीतरी दिसतं, मग त्यात हलणाऱ्या सावल्या, मग सावल्यांना हात-पाय फुटतात आणि बगळे घसरत सामोरे येतात.

बर्फ सपाट करणारी गाडी येते तिला मावशी ‘सारवायला आली’ म्हणतात. रेफरीला ‘पट्टेवाले जावई’. दोन खेळाडू हातमोजे टाकून मारामारीला भिडले की बाकीचं रिंक उठून उभं राहतं आणि मावशी ओरडतात, “सोड त्याला! तुझी आई बघत असती तर?” एकदा एकानं खरंच सोडलं. तो त्यांचा विजय त्या अजून सांगतात.

त्यांचं खरं लक्ष असतं कोऱ्या पाठींवर. जे पक्के खेळाडू असतात त्यांच्या जर्सीच्या पाठीवर नाव छापलेलं असतं. जे नुसते आजमावायला बोलावलेले, त्यांची पाठ कोरी. दरवर्षी अशी तीन-चार माणसं कुठून कुठून येतात. मावशी त्यांच्यातला एक निवडतात आणि बाकी सगळे सामने त्या एकट्यासाठी घसा फोडतात. आणि दरवर्षी मावशींचा माणूस टीममधून गळतो. न चुकता. मी त्यांना चिडवायचो, “मावशी, तुम्हाला खेळाची पारख नाही.”

“नाही तर नाही,” म्हणायच्या.

हा नाद त्यांना लागला कसा, तेही एकदा गाडीत कळलं. त्यांचे मिस्टर, सॅम्युएल, मुंबईला गिरणीच्या टीममधून हॉकी खेळायचे. आपली हॉकी, मैदानावरची. नवरा-बायको नवीनच इकडे आलेले असताना सॅम्युएलना एका दुकानाच्या काचेवर पोस्टर दिसलं: रविवारी हॉकी. ते बायकोला घेऊन, इस्त्रीची पँट घालून, मैदान शोधत निघाले. पत्ता विचारत विचारत एका मोठ्या शेडपाशी आले. आत गेले, तर बर्फ.

“सामू दारातच उभा राहिला,” मावशी गाडीत कुजबुजत होत्या. “म्हणाला, फ्लोरा, या लोकांनी मैदान गोठवून ठेवलंय. मग जो हसायला लागला, जो हसायला लागला! लोक खेळ सोडून त्याच्याकडे बघायला लागले.”

सॅम्युएलना जाऊन बराच काळ झालाय. मुलगा लीड्सला असतो. त्याचं मराठी ‘आई, मी येतो, तू बरा आहेस?’ इथवर. नातवंडांना तेवढंही नाही.

या वर्षी मावशींनी निवडला आंद्रिस. लॅटव्हियाचा. बाकीच्या कोऱ्या पाठी विशीतल्या, आणि हा पस्तिशी ओलांडलेला, दाढीत पांढरे केस, डावा गुडघा जरा आखडलेला. पहिल्याच सामन्यात तो वळता वळता आपल्याच गोलकीपरवर जाऊन आदळला.

“हा माझा,” मावशी म्हणाल्या.

“मावशी, निदान उभा राहणारा तरी निवडा.”

“राहील उभा. घाई काय आहे?”

पुढचा सामना परगावी होता, समुद्राकाठच्या एका जुन्या रिंकवर. दिवसभर प्रचंड उकडलेलं. कुणीतरी रिंकचे मागचे दरवाजे उघडे टाकले होते, बाहेरची दमट हवा आत आली आणि बघता बघता बर्फावर धुकं उभं राहिलं. आधी घोट्याएवढं, मग कमरेएवढं. मग खेळाडूंची नुसती डोकी तरंगताना दिसू लागली. शेवटी चकती कुणालाच दिसेना. रेफरीनं शिट्टी वाजवून खेळ थांबवला आणि अशा वेळी करतात तसं दोन्ही टीमच्या खेळाडूंना सांगितलं, सगळ्यांनी मिळून गोल गोल फिरा, म्हणजे हवा हलेल आणि धुकं जाईल.

मी तसं दृश्य कधी पाहिलं नव्हतं. मघाशी एकमेकांना रिंकच्या कडेच्या फळ्यांवर आपटणारे ते चाळीस धिप्पाड बाप्ये मुकाट्यानं एकामागून एक फिरायला लागले. लाल जर्सी, पांढऱ्या जर्सी, नाववाले, बिननावाचे, सगळे मिसळून. संगीत नाही, घोषणा नाही. नुसता स्केटचा करकर आवाज, लांबून जवळ येणारा आणि पुन्हा लांब जाणारा. धुक्यातून एक पाठ दिसायची आणि विरघळायची. मावशींनी माझा दंड धरला होता. त्या ओरडत नव्हत्या.

मग कुणीतरी पडलं. धपकन आवाज आला. धुकं जरा फाटलं तेव्हा दिसलं, आंद्रिस. बाकीचे त्याला वळसा घालून पुढे जात होते आणि तो गुडघा धरून तसाच बसला होता.

त्या शांततेत मावशी उभ्या राहिल्या आणि सबंध रिंकला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “ऊठ रे बाळा! काही नाही झालं! ऊठ!”

त्यानं मान वर केली. आवाजाच्या दिशेनं बघितलं. आणि उठला.

सामना संपल्यावर आम्ही कॅफेत चहा घेत होतो, तेव्हा तो ओल्या केसांनी आमच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. मोडक्या इंग्रजीत त्यानं विचारलं, “तुम्ही. ओरडलात. मला?”

“तुलाच.”

“काय ओरडलात?”

मावशींनी इंग्रजीत अर्थ सांगितला. बाळा या शब्दापाशी त्यांची जरा अडचण झाली. शेवटी ‘बेबी’ म्हणाल्या. आंद्रिसनं आपल्या पांढऱ्या होत चाललेल्या दाढीवरून हात फिरवला आणि खो खो हसला. मग बसलाच. मावशींनी पिशवीतून डबा काढला. त्यांचं नवीन वर्ष जवळ आलं होतं, त्यासाठी त्यांनी नारळाच्या दुधातला गव्हाच्या चिकाचा हलवा केला होता. त्यानं एक वडी खाल्ली, मग दुसरी, मग विचारलं, “तुम्ही फक्त माझ्यासाठी का ओरडता?”

“नाववाल्यांसाठी ओरडायला अख्खं गाव आहे,” मावशी म्हणाल्या.

शेवटचा सामना आमच्याच रिंकवर होता. आम्ही आत गेलो, चष्मा हळूहळू निवळला, मावशींनी बर्फावर नजर फिरवली. आंद्रिस दिसेना. पुन्हा फिरवली. मग मलाच तो दिसला. आमच्या नेहमीच्या जागेच्या मागच्या बाकावर, जीन्स आणि कोट घालून, पायाशी भली मोठी बॅग. सकाळीच कोचनं त्याला बोलावून सांगितलं होतं, टीममध्ये घेत नाही. संध्याकाळच्या बसनं तो विमानतळाला निघणार होता.

“मग आलास कशाला?” मावशींनी विचारलं.

त्यानं खांदे उडवले. “तुम्ही येणार होता.”

मावशी सरकल्या. तो खाली येऊन त्यांच्या शेजारी बसला, त्यांच्या दुसऱ्या बाजूला मी. मावशींनी आपल्या मांडीवरची रजई अर्धी त्याच्या आखडलेल्या गुडघ्यावर टाकली. त्या दिवशी त्या एकदाही ओरडल्या नाहीत. बगळे छान खेळत होते, त्यामुळे फारसं बिघडलं नाही.

मधल्या सुट्टीत लोक चिप्स आणायला गेले. रिंकमध्ये बर्फाच्या यंत्रांची घरघर तेवढी होती. आणि मावशी त्याच्याशी मराठीत बोलायला लागल्या. कुजबुजत.

“सामूपण असाच जायचा रे. दर शनिवारी. शब्बाथला खेळतात का, असं माझ्या सासूनं कळवलं होतं, तरी जायचा. इथल्या हॉकी क्लबात घेतात का बघायला. स्टिक घेऊन बसनं जायचा. ते म्हणायचे, पुढच्या आठवड्यात ये, बघू. मी म्हणायची, मी येते बघायला. तर म्हणायचा, तू आत्ता नको येऊस. टीममध्ये घेतलं की ये.” त्यांनी रजई सारखी केली. “त्यांनी घेतलंच नाही. तसं सांगितलं पण नाही कधी. हाच एका शनिवारी गेला नाही. मुंबईतलं त्याचं खेळणं आमच्या लग्नाआधीचं. म्हणजे मी त्याला खेळताना कधीच बघितलं नाही. संसार सगळा केला, आजारपण काढलं, सगळं बघितलं. तेवढं नाही बघितलं. कसा पळत असेल रे तो?”

आंद्रिस ऐकत होता. एक शब्द कळत नसताना माणूस इतकं ऐकू शकतो हे मला माहीत नव्हतं. मग तो बोलायला लागला, त्याच्या भाषेत. बर्फाकडे बघत, सावकाश, बराच वेळ. मावशी “हो ना,” म्हणत होत्या. “तसंच असतं. हो.”

मी समोर बघत बसलो. रिंकवर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

त्याची जायची वेळ झाली. मावशी त्याच्याबरोबर दारापर्यंत गेल्या. दोन्ही हातांनी त्याच्या गालांवरून ओवाळून त्यांना कानशिलावर बोटं मोडायची होती, पण हात पोचेना. त्याला काय चाललंय ते कळलं नाही, तरी तो वाकला. बोटं कडाकडा मोडली. मग ते जड दार उघडलं, बाहेरचा पिवळा उजेड क्षणभर बर्फावर आला आणि दार मिटलं.

मावशी परत येऊन बसल्या. खेळ सुरू व्हायला अजून अवकाश होता. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “तुला ऐकू आलं का रे, मी त्याला काय सांगत होते?”

“नाही मावशी,” मी म्हटलं. “आवाज फार होता.”

त्यांनी त्या रिकाम्या, शांत रिंकवरून एकदा नजर फिरवली. मग माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच असं, नीट.

“मग ऐक,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.