बैलाला ‘अहो’ म्हणणारी लाराबाई

आज माझ्यापुढे सातवीची पुस्तकं आहेत ती लाराबाईमुळे. बैलाला ‘अहो, जरा सरकता का?’ म्हणणारी ती अमेरिकन मुलगी. ‘वयानं मोठे दिसतात,’ असं वर कारण द्यायची.

पुण्यात शिकायला आलेली कॉलेजची पोर. तिला एकटीनं कसला तरी अभ्यास करून प्रबंध द्यायचा होता. तिनं निवडला घोडेगावचा गुरांचा बाजार. व्यापारी उपरण्याखाली हातात हात घालून, बोटं दाबून भाव ठरवतात. ती बोटांची भाषा तिला लिहून न्यायची होती. ती उतरली माझ्या बहिणीच्या घरी, म्हणून सोबतीला मी. मालवणाकडची, सहावीत शाळा सुटलेली, इथं घोडेगावात बहिणीकडे राहून शिवणकाम करणारी. अक्षर इतकं वाईट, की वही दिसली तरी मी हात पदराखाली घ्यायची.

तिचं पालुपद एकच, ‘थांबा, हे लिहू!’ चहात माशी पडली तरी लिहू.

पण बोटं कुणी शिकवेना. ‘बाईमानसाचं काम न्हाई ते.’ तिला परत जायला आठ दिवस उरले, तेव्हा म्हातारे दगडूनाना दलाल म्हणाले, ‘ये पोरी, घाल हात. भाव पटंना तर झटक्यात काढायचा, कळलं?’

तिनं घातला आणि काढलाच नाही. नाना बोटं दाबतायत, हिचा हात तिथंच. भोवतीचे ओरडले, ‘झाला सौदा!’ नानांच्या पांढऱ्या बैलाचं दावं तिच्या हातात आलं.

‘आता इमानात कुठं बांधती त्याला?’ कुणीतरी खिदळलं.

मी गर्दीतून पुढे घुसले. ‘अहो बाई, हात काढायचा ना!’

ती हळूच म्हणाली, ‘चार महिन्यांत कुणी माझा हात धरला नव्हता, सुमनताई. काढवेना.’

नानांनी ऐकलं. दावं परत घेतलं, उपरणं पुन्हा पसरलं. ‘आता सौदा न्हाई. नुस्तं शिकायचं. बस निवांत.’ दुपार कलेपर्यंत म्हातारा तिचा हात धरून एकेक बोट समजावत होता.

मग तिनं वही माझ्यापुढे सरकवली. ‘नानांचे शब्द तुम्ही लिहा. मला ते ऐकू येतात, मराठीत लिहिता येत नाहीत.’ मी हात पदराबाहेर काढला आणि लिहिलं. प्रबंधाच्या पहिल्या पानावर तिनं तिच्या नावाखाली माझं नाव घातलं. ते पाहून मी बहिणीला म्हटलं, सातवीचा फॉर्म भरते.

लाराबाई, इंग्रजी अजून एबीसीडीपुढे सरकत नाही. पण येईल. तेव्हा पहिलं पत्र तुम्हालाच, तुमच्या भाषेत, चांगलं चार पानी.