मधले एकदाच मोजा

"ओ सर, तुमची बकरी सुटली! आन चुलीवरचं दूध उतू चाललं!" माझ्या सासूबाई कुंपणावरून ओरडल्या.

उरकुडे सर ओट्यावर बसले होते. ते उठले नाहीत. बोट वर करून म्हणाले, "आधी सांगा, दोनी एकदम झालं का अलग अलग?"

त्यांचा विचार होईपर्यंत दूध विस्तवात गेलं आणि बकरीने आमची कोथिंबीर खाल्ली.

सर आमचे शेजारी. जन्मभर गणित शिकवलेले. बायको वारली होती, मुलगा बेल्लमपल्लीला. माझं माहेर आणि सासर एकाच गावात, जैनथच्या पुढे. सरांच्या घराचं पुढचं दार आमच्या गल्लीत उघडायचं आणि मागचं माझ्या भावाच्या गल्लीत.

त्यांच्या खुंटीला दोन चुंबळी, घागरीखाली ठेवायची कापडाची गोल कडी, टांगलेल्या असत. सरांच्या बाई होत्या तेव्हा त्या डोक्यावर ठेवून पाणी आणायच्या. सर कोणालाही काही समजवायचं झालं की त्याच चुंबळी काढायचे.

एकदा सासूबाईंना मिरच्या वाळवून गिरणीवर न्यायच्या होत्या. मागच्या दहा दिवसांत चार दिवस आभाळ होतं आणि पाच दिवस लाईट नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "चार आन पाच नऊ. म्हंजे दहात एकच दिवस बरा."

"काऊन घाबरता?" म्हणत सरांनी चुंबळी जमिनीवर मांडल्या, एक दुसरीवर थोडी चढवून. "हे आभाळाची, हे लाईटीची. तीन दिवस दोनी एकदम होतं, ते मधात. तुमी ते दोनदा मोजून राह्यल्या. मधले एकदाच मोजा. वाईट दिवस सहा, चांगले चार. दहात चार! निंगा बिनधास्त."

सासूबाई निघाल्या. आभाळ आलं, लाईटही गेली. परत येऊन त्यांनी सरांना जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. सर शांतपणे म्हणाले, "दहातले सहा कुठं जातीन?"

पोरगा की पोरगी, असं कोणी विचारलं की मात्र चुंबळी दूर दूर ठेवायचे. "इथं मधात कोणीच नाही. एक तर हे, नाही तर ते. सिदी बेरीज." मग समोरच्या कुसुमला जुळं झालं, एक पोरगा आणि एक पोरगी. सर दोन दिवस घराबाहेर आले नाहीत.

मी चौथी शिकलेली. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण दाराआडून ऐकून हे चुंबळींचं गणित मला पाठ झालं होतं.

माझ्या मुलाचं लग्न भावाच्या मुलीशी ठरलं. म्हणजे मामाचीच मुलगी. आमच्या यादीत दोनशे दहा माणसं, भावाच्या यादीत एकशे नव्वद. आचारी म्हणाला, चारशेचा स्वयंपाक. सर ओट्यावरून हसले. "सोयरे तेच, भाऊबंद तेच. आणा याद्या इकडं."

दोन्ही घरच्यांनी नावं वाचली, सरांनी लिहून घेतली. एकशे वीस नावं दोन्हीकडे निघाली. "दोनशे ऐंशी. एक ताट जास्त लागलं तर मले सांगा." मग चष्मा वर करून म्हणाले, "कोणी राह्यलं काय? पाहा बरं."

सगळे उठायला लागले. सरांनी पुन्हा विचारलं, "सोडू नोका कोणाले."

मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. सरांचं नाव वाचल्याचं मी ऐकलं नव्हतं. वाटलं, भावाच्या यादीत असेल. भावाला वाटलं, शेजारी आमचे, आमच्या यादीत असतील. आमच्याकडे कुंकू लावून, तोंडाने आवतन दिल्याशिवाय सख्खा शेजारीही मांडवात येत नाही.

लग्नाच्या दिवशी मी विसरलेल्या अक्षता न्यायला घरी धावले. सरांची दोन्ही दारं सताड उघडी होती. आमच्या गल्लीतून थेट भावाची गल्ली दिसत होती. मधे खुर्चीवर सर, इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी.

"लागलं काय बाई लग्न?"

मी नाही म्हणून मान हलवली. नुसतं 'चला' म्हणायचं होतं. पदर पुढे ओढला आणि वाटलं, मागच्या दाराने येईलच कोणीतरी बोलवायला.

पंगती बसल्या. दोन्ही गल्ल्यांना चुलीसकट आवतन होतं, त्यामुळे कोणाच्याच घरी स्वयंपाक नव्हता. तेवढ्यात वाढणाऱ्यांतलं कोणीतरी हसलं, "आज कोनाची चूल पेटली रे?" मी वर पाहिलं. सरांच्या छपराच्या कवेलूंमधून धूर निघत होता.

जेवण दोनशे ऐंशीच निघालं. न्यायचं म्हटलं तरी एक ताट शिल्लक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी लाडू घेऊन गेले. सरांनीच मला सांभाळून घेतलं. चुंबळी काढल्या, एकीवर एक चढवल्या आणि मधल्या जागेत स्वतःची टोपी ठेवली. "मधल्याले एकदा काढा लागते बाई. मले दोनदा काढलं. तुमच्याइकूनबी आन त्याईच्याइकूनबी. पोरंबी हेच चुकत होते." ते हसले. मग लाडू हातात धरून म्हणाले, "हा कोनाकडचा? तुमच्याकडचा का भावाकडचा?"

मला उत्तर येत होतं. ओठांपर्यंत आलं होतं. पण मी मान खाली घालून उभी राहिले, आणि सरांनी टोपी उचलून डोक्यावर घातली.

दिवाळीनंतर मुलगा त्यांना बेल्लमपल्लीला घेऊन गेला. चुंबळीही गेल्या. आता दोन्ही दारांना कुलूप आहे.

दोन्हीकडचा, सर. दोन्हीकडचाच होता.