इंदूताई बसल्या

माझ्या नणंदबाई इंदूताई बसत नाहीत. बसता येत नाही असं नाही, गुडघे माझ्यापेक्षा चांगले आहेत. पण पांढुर्ण्याच्या आमच्या घरी सोफा येऊन सहा वर्षं झाली, त्यावर त्यांना टेकलेलं कोणी पाहिलेलं नाही. चहा त्या दारात उभ्यानं पितात, नजर रस्त्यावर. "बसलं का आंग जड होते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं, "एक चक्कर मारून येतो." आमच्याकडच्या जुन्या बायका 'येते' म्हणत नाहीत, पुरुषांसारखं 'येतो'च म्हणतात.

बत्तीस वर्षं त्या रामाकोना भागात सरकारी नर्स होत्या. खांद्यावर लसींचा डबा, पायात रबरी चप्पल, आणि या गावातून त्या गावात पैदल. लग्न केलं नाही. आता सौंसरला दोन खोल्यांत एकट्या राहतात, पण खोल्यांत कमीच सापडतात. रस्त्यात कोणीही भेटलं की आधी त्याच्या पायांकडे पाहतात, मग वाकून घोट्यावर अंगठा दाबतात. खड्डा पडला तर ती सूज, आणि त्या माणसाचं लोणचं-पापड त्याच दिवशी बंद.

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून माझ्या नवऱ्यानं, दिलीपनं, व्हिएन्नाची सहल ठरवली. आमची दोघांचीच. बातमी सौंसरला पोचली तेव्हा त्याची ही थोरली बहीण म्हणाली, "दोघंच जाऊन काय करान तिथं?" दिलीपनं लगेच तिसरं तिकीट काढलं.

विमानात त्या मधल्या वाटेनं येरझारा घालत होत्या. हवाईसुंदरीनं तीनदा बसवलं, त्या चारदा उठल्या. व्हिएन्नात राजवाडे असे पाहिले की आम्ही पहिल्या दालनात असायचो आणि त्या बाहेर पडायच्या फाटकापाशी. एका संध्याकाळी महागाची तिकिटं काढून संगीत ऐकायला गेलो, तर या शेवटपर्यंत मागे दरवानाशेजारी उभ्या. मध्यंतरात पाहिलं, दरवानाचा मोजा खाली होता आणि ताईंचा अंगठा त्याच्या घोट्यावर.

शेवटच्या दिवशी सकाळी दहाला खोली सोडली. विमान संध्याकाळी सहाचं. सामान हॉटेलात ठेवलं आणि साडेतीनला तिथून निघायचं ठरलं. मला एवढंच हवं होतं, की एकदा तरी नवऱ्यासमोर निवांत बसून केक खावा. एका बागेच्या फाटकाशी कॅफे होता, तिथं बसलो. ताई दारात उभ्या. वेटरनं दोनदा त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. त्यांनी दोनदा ती नीट आत सरकवून ठेवली. एक वाजता म्हणाल्या, "एक चक्कर मारून येतो. अर्ध्या तासात."

दीड वाजला. दोन वाजले. फोन त्यांच्या बॅगेत, बॅग हॉटेलात. दिलीप दर मिनिटाला घड्याळ पाहत होता, आणि मी काट्यानं केक नुसता उकरत होते. खरं सांगते, आधी मला राग आला. पंचवीस वर्षांतला एक दिवस, तोही यांच्या चकरांत गेला. सव्वादोनला रागाची भीती झाली. इथल्या गाड्या उलट्या बाजूनं येतात, आणि ताईंना इंग्रजीतलं 'थँक्यू' आणि 'बीपी' एवढंच येतं. दिलीप रस्त्यानं शोधायला गेला, मी बागेत शिरले. हिरवी साडी, तपकिरी स्वेटर, पांढरे बूट, असं हातवारे करून लोकांना विचारत सुटले. तीन वाजायला आले तेव्हा एका बाईनं तळ्याकडे बोट दाखवलं.

तळ्याकाठी बाकावर ताई बसल्या होत्या.

त्यांना बसलेलं पाहून मला वाटलं, संपलं, काहीतरी झालं यांना. धावतच गेले. जवळ गेल्यावर दिसलं, की त्यांच्या खांद्यावर एका पांढऱ्या केसांच्या म्हातारीचं डोकं आहे. म्हातारी तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. ताईंनी हात न उचलता फक्त बोटं हलवून खुणावलं, हळू.

कुजबुजत त्यांनी सांगितलं ते असं. बाकावरच्या या म्हातारीचे पाय त्यांना सुजल्यासारखे वाटले, म्हणून घोटा दाबून पाहिला. खड्डा पडला नाही. म्हातारी हसली आणि तिनं सरकून जागा केली. एवढ्या मानानं बोलावलं तर नाही कसं म्हणायचं, म्हणून ताई क्षणभर टेकल्या. म्हातारी तिच्या भाषेत खूप काही बोलली, बोलता बोलता पेंगली आणि डोकं इकडे आलं. या गोष्टीला दीड तास झाला होता.

मी म्हटलं, "ताई, विमान जाईल. उठवा त्यांना."

त्यांनी मान हलवली नाही. तळ्याकडे पाहतच म्हणाल्या, "बाळंतपणं किती केले मी, रेखा. पोरगं हातात आलं का पुसाचं अन् मायजवळ देऊन द्याचं. माह्या आंगावर कोणी झोपलंच नाही कधी. हे पहिलंच माणूस." मग परत तशीच बोटं हलवून, "जरासाक राहू दे."

मी त्यांच्या दुसऱ्या बाजूला बसले आणि दिलीपला फोन लावला. सामान घेऊन टॅक्सीनं फाटकापाशी ये म्हटलं. तो ओरडायला लागला तेव्हा त्याला सांगितलं, हळू बोल, इथं माणूस झोपलंय.

पावणेचारला म्हातारी आपणच जागी झाली. ताईंच्या स्वेटरवर लाळ सांडलेली पाहून बिचारी लाजली आणि रुमाल काढून पुसू लागली. ताई म्हणाल्या, "राहू द्या नं बाप्पा." ती तिच्या भाषेत बोलली, ताई आपल्या भाषेत, आणि दोघीही माना डोलावत होत्या. ताई उठायला गेल्या तर पाय बधिर झालेले. बत्तीस वर्षं वणवण केलेल्या बाईला एका बाजूनं मी आणि दुसऱ्या बाजूनं त्या म्हातारीनं धरून उभं केलं.

टॅक्सीत दिलीप बहिणीला बोल बोल बोलला. त्या खिडकीबाहेर पाहत खांद्यावर हात ठेवून बसल्या होत्या. विमानतळावर सामान देणाऱ्यांत आम्ही जवळजवळ शेवटचे होतो. पण विमान मिळालं.

आत ताई नेहमीप्रमाणे वाटेच्या बाजूला, मी मध्ये, दिलीप खिडकीशी. विमान वर गेलं, पट्ट्यांचा दिवा विझला. ताईंचा हात पट्टा सोडायला खाली गेला. मला झोप आली नव्हती. पण मी डोळे मिटले आणि डोकं त्यांच्या खांद्यावर टाकलं. तो दिवस सोडला तर इतक्या वर्षांत मी त्यांच्या पाया पडले होते, त्यांना स्पर्श केला तो तेवढाच.

पट्ट्यावरचा हात थांबला.

थोड्या वेळानं दिलीपनं मला काहीतरी विचारलं. माझ्या डोक्यावरून ताईंचा आवाज आला, "हळू बोल नं. झोपली ते."

स्वेटरची लोकर गालाला टोचत होती आणि मान अवघडली होती. मी हलले नाही.