नवी हिरवी होईपर्यंत

पंखा किती वेगाने फिरावा यावरून सर आणि मॅडम महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते. प्रयोगशाळेत माणसं तीनच. तिसरी बाटल्या धुणारी मावशी.

तिथे खारं शेवाळ वाढवत. ते इतकं बारीक, की बाटलीत नुसतं हिरवं पाणीच दिसे. समुद्राहून खाऱ्या पाण्यात ते सुखाने राही. साध्या पाण्यात पडलं, की फुगून फुटे. दर पंधरा दिवसांनी जुन्या बाटलीतलं थोडं हिरवं पाणी नव्या खाऱ्या पाण्यात घालायचं, उरलेलं ओतून जुनी बाटली धुवायला टाकायची. सर पाणी भरत, मॅडम मीठ टाकत. सर दरवेळी विचारत, "मीठ टाकलंत ना?" या खेपेला त्यांनी विचारलं नाही. मॅडमना वाटलं, विचारत नाहीत म्हणजे स्वतःच टाकलं असेल.

आठवडा झाला, तरी तिन्ही नव्या बाटल्या नितळच. गुरुवारी तपासणी होती. जिवंत शेवाळ दिसलं नाही, तर प्रयोगशाळेला कुलूप लागणार होतं.

अबोला असूनही मावशीच्या बाबतीत दोघांचं एकमत झालं.

"मावशी, बाटल्यांत साबण राहतो तुमचा," सर म्हणाले.

"वीस वर्षांत नाही राहिला, सर."

"आणि या जुन्या तीन?" मॅडमनी मोरीकडे बोट दाखवलं. "आठ दिवस तशाच पडल्यात."

"असू द्या हो. त्याला कारण आहे."

"कारणं घरी सांगा. उद्यापासून येऊ नका. आणि जाताना एकही बाटली घाण दिसता कामा नये."

मावशी मोरीकडे वळली.

संध्याकाळी सरांनी नव्या बाटलीत बोट बुडवून चाखलं. मग दुसरीत. मग तिसरीत.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "मीठ?"

"तुम्ही नाही टाकलंत?"

अबोला सुटला.

"जुन्या बाटल्या," मॅडम एकदम म्हणाल्या. "तळाशी हिरवं होतं त्यांच्या."

दोघं मोरीकडे धावले. मावशी पायात चपला सरकवत होती. तिन्ही बाटल्या फडक्यावर पालथ्या होत्या, तोंड दिसावं इतक्या लख्ख.

"आधीचे मोठे सर सांगून गेले होते," मावशी म्हणाली. "नवी हिरवी होईपर्यंत जुनी धुवायची नाही. म्हणून ठेवल्या होत्या."

"मग धुतल्या कशाला?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून." तिने पिशवी खांद्याला लावली. "साबण राहिलाय का, तेवढं चाखून बघा."