दौलतकाकांची गाडी घाटात दमते

आमच्या गल्लीतले दौलतकाका गाडीला कान लावून उभे असले, की कुणी खोकायचं नाही. सागाच्या काठीचं एक टोक चालू इंजिनवर, दुसरं कानाशी आणि डोळे मिटलेले. एकदा शेजारच्या लखनलालजींना जोराची शिंक आली. काकांनी डोळे न उघडताच विचारलं, "ही कोनत्या सिलेंडरातून आली?"

टॅक्सी त्यांची स्वतःची, जुनी. आणि तिचं इंजिन त्यांनी स्वतःच ट्यून केलेलं. म्हणजे नेमकं काय केलं, ते मला नीट सांगता येणार नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, तोही आर्ट्सला. पण लांजीच्या सपाट रस्त्यावर ती बसला मागे टाकायची, तेव्हा मागच्या सीटवर मीही ओरडायचो, हे खरं. "गाडी नाही, वाघीन हाय," काका म्हणत.

ही वाघीण त्या वर्षी बिरशाच्या वाटेवरच्या घाटात दमायला लागली. अर्धा घाट झोकात चढायची आणि एकाएकी तिचा जोर जायचा. काकांची झोप उडाली. एकुलती लेक सुमन बिरशाला दिलेली. तिला पहिल्या बाळंतपणासाठी रविवारी माहेरी आणायचं होतं. "बसमधी धक्के खात नाही येनार माही पोरगी," असं ते व्याह्यांना तोंडावर सांगून आले होते. व्याही हसले होते, "घाटात ढकलाले मानसं पाठवू काय?"

प्लग पुसले, पॉइंट घासले, कार्बोरेटर उघडून परत बसवला. शनिवारी चाचणी ठरली. सुमन, जावई आणि सामान एवढं वजन हवं म्हणून काकांनी लखनलालजींना आणि मला गाडीत घातलं.

"तू सुमीच्या जागी बैस," ते मला म्हणाले. "धक्का बसला का सांगजो. लाजू नको."

मी उशी घेऊन बसलो. लखनलालजी जावई आणि सामान, दोन्ही होते.

घाट लागला. गाडी सुसाट! आणि मध्यावर आली तशी कण्हत कण्हत थांबली.

"दौलतराव, इससे तो बैलगाड़ी भली!"

"चूप बसा. जावई इतकं बोलत नसते."

पेट्रोल पाहायला काकांनी टाकीचं झाकण उघडलं. भरपूर होतं. झाकण लावलं, तर गाडी ताजीतवानी होऊन माथ्यावर! काकांनी ती खाली नेऊन पुन्हा चढवली. पुन्हा तेच. या वेळी त्यांनी झाकण हळूच फिरवलं. फुस्स!

"आयकलं?" काका ओरडले. "हवा पेली तिनं! दम कोंडून राह्यला होता तिचा!"

पेट्रोल कमी होतं तशी टाकीत बाहेरची हवा जावी लागते, नाहीतर पेट्रोल पुढे येत नाही. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. हे त्यांनी मला भर रस्त्यात नाचत समजावलं. पण भोक होतं कुठे? त्यावर तेलात कालवलेल्या कुंकवाचा टणक थर होता.

दसऱ्याला काकूंनी गाडीची पूजा केली होती. तेव्हापासून रोज सकाळी त्या झाकणाला कुंकू लावत. पोळ्याला बैलाला लावतात तसं. गाडी तिथूनच खाते, म्हणजे तेच तिचं तोंड!

लखनलालजी हसून हसून खाली बसले. "भाभी ने इंजन का गला घोंट दिया!"

काका मात्र हसले नाहीत. "घरी हे बोलाचं नाही," ते म्हणाले. "सुमी सासरी गेल्यापासून तिले घरात दुसरं कोन हाय? मी गाडी काढली का वापस येईलोक दारातच बसून राह्यते."

गल्लीत माणसं वाट पाहत होती. काय निघालं?

"कार्बोरेटरच्या जेटमधी कचरा राह्यला होता," काका मोठ्यानं म्हणाले. "माहीच चूक."

"वा रे कानाचे डाक्टर!" गल्लीनं त्यांना मनसोक्त सोलून काढलं.

"वय झालं तुमचं," काकू दारातून म्हणाल्या.

"हौ," काका म्हणाले.

रविवारी सुमन आली. घाटात आपल्याला झोप लागली होती, म्हणाली. ही कुंकवाचीच कृपा, अशी काकूंची तर खात्रीच पटली. सोमवारी सकाळी त्यांनी झाकणाला आणखी जाड कुंकू थापलं, हात जोडले आणि त्या आत गेल्या. काकांनी दाराकडे एकदा पाहिलं. मग खिशातून आगकाडी काढून भोकापुरतं कुंकू उकरलं आणि बाकीचा टिळा बोटानं नीट गोल केला.